गंजलेल्या जीप-यंत्राचा जीर्णोद्धार

युद्धकालीन वाहन हेंही इतिहासाचें साधन होय, हें अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथें १९९४ सालीं उघडलेलें रणगाडा-संग्रहालय पाहतां पटतें. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड यांनीं सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. वडगांव निंबाळकरसारख्या गांवीं अशी एखादी गाडी आडोशास आढळल्यास काय करावें, तें आम्ही येथें सांगतों.

अडकलेलें यंत्र बळानें फिरवूं नये. उघड्या राहिलेल्या झडपेंतून ओल शिरून पिस्टनच्या कड्या बिडाच्या सिलिंडरास गंजानें चिकटतात. झटका दिल्यास त्या मोडतात. प्लग काढून आंत रॉकेल व तेल ओतावें, कांहीं दिवस थांबावें, मग हातानें किंचित् मागें-पुढें हलवावें. सुटे लोखंडी भाग उघड्या जागीं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बॅटरीच्या ऋण टोकास जोडावे व धन टोकास साधा लोखंडी पत्रा लावावा, म्हणजे गंज सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन मात्र त्यांत घालूं नये. सोडा त्यास खातो.

यंत्रावरील क्रमांक कदापि घासूं नये. ‘एमबी’ हीं अक्षरें विलीजचें व ‘जीपीडब्ल्यू’ हीं फोर्डचें यंत्र दर्शवितात. फोर्डच्या बोल्टांवरही ‘एफ्’ हें अक्षर आढळतें. असा बोल्ट फेकणें म्हणजे ताम्रपटांतील ओळ खरवडणें होय. नवा भाग घालणें भागच पडल्यास जुना भाग, तो कोठून व केव्हां काढला याची चिठ्ठी बांधून, गाडीबरोबरच जपावा.