पन्नास-साठचा घोळ

घरातला कॉम्प्युटर मोठ्या पडद्याला जोडून त्याचाच टीव्ही करायचा म्हटले, की पहिली चौकशी होते प्रोसेसरची आणि मेमरीची. खरे तर ती दुय्यम आहे. फुल एचडी चित्र उलगडणे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या ग्राफिक्स चिपलाही जड जात नाही. जोडणी फसते ती वेळेच्या हिशेबात. आपल्याकडच्या प्रक्षेपणाने विजेच्या ५० हर्ट्‌झला धरून सेकंदाला २५ चौकटींची पाल पद्धत घेतली आणि एचडी आल्यावरही तोच पाढा राहिला. कॉम्प्युटर मात्र सहसा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवतो. २५ चौकटी ६० घरांत सारख्या वाटता येत नाहीत. काही दोनदा दाखवाव्या लागतात, काही तीनदा. स्थिर दृश्यात हे कळत नाही, पण बातम्यांखालची सरकती पट्टी अडखळते आणि सीमारेषेकडे निघालेला चेंडू गचके खातो. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’चा ताल आणखी निराळा, कारण बोलपट सेकंदाला २४ चौकटींचे. डिस्प्ले सेटिंगमध्ये वाहिन्यांसाठी ५० आणि चित्रपटांसाठी २४ हर्ट्‌झ निवडले, की पैसाही न खर्चता हा दोष जातो. कोडी या मोफत प्लेअरमध्ये तसा पर्याय एकदा चालू केला, तर तो हा बदल आपणहून करतो.

टीव्हीच्याही काही जुन्या खोडी आहेत. काचेच्या नळीच्या काळात वेड्यावाकड्या कडा दिसू नयेत म्हणून चित्राचा काठ झाकला जाई. सपाट पडद्याला याची गरज नाही, तरी कित्येक संच अजून काठ कापतात आणि टास्कबार अर्धी गायब होते. एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले, की अनेक संच हे थांबवतात. लाल अक्षरांचा फिसकटलेपणाही बहुधा त्यानेच कमी होतो.

पण वाहिन्या आणायच्या कुठून? जुने ट्यूनर कार्ड आता कामाचे नाही. केबलच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात कोल्हापूरसारखी शहरे आली, त्याची मूळ मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. आता केबलचा सिग्नल सेट-टॉप बॉक्सशिवाय उलगडत नाही. उरतात इंटरनेट आणि दूरदर्शनची फ्री डिश. फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसते, त्यामुळे यूएसबीवर चालणारा उपग्रह ट्यूनर पुरतो. कोल्हापुरातल्या शाहूपुरीसारख्या दाट पेठेत डिशला आकाश मिळेल का, ही शंका रास्त आहे. मात्र फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने कोल्हापुरातून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. म्हणजे डिशपेक्षा तीस फूट उंच भिंत समोर असली, तरी ती अठरा-वीस फूट दूर असेल तर आड येत नाही. जुलैच्या मुसळधार सरींत चित्र तुटेल, कारण केयू बँडच्या लहरी पावसात क्षीण होतात. त्याला कॉम्प्युटर काय करणार!

स्मार्ट टीव्ही असताना हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारेल. स्मार्ट टीव्हीतील अ‍ॅप्सना काही वर्षांनी अद्ययावत आवृत्त्या मिळेनाशा होतात आणि पडदा शाबूत असूनही संच जुना ठरतो. कॉम्प्युटरवर आपण दुसरी प्रणाली टाकू शकतो. विजेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ८० वॅटचा डेस्कटॉप रोज पाच तास चालला, तर महिन्याला १२ युनिट खातो. पाचेक वॅटचा रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर तेवढ्याच वेळात एक युनिटही खात नाही, शिवाय टीव्हीच्या रिमोटला तो थेट दाद देतो. आणखी एक मर्यादा मान्य करावी लागते: बऱ्याच सशुल्क सेवा कॉपी रोखण्यासाठी कॉम्प्युटरच्या ब्राउझरला कमी प्रतीचे चित्र देतात. त्यामुळे ज्या घरात अशा सेवाच जास्त पाहिल्या जातात, त्यांनी टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी. बातम्या, फ्री डिश आणि स्वतःचा चित्रपटसंग्रह एवढेच पाहायचे असेल, तर नवे काही विकत घेण्याआधी घरातला कॉम्प्युटर ५० हर्ट्‌झवर लावून बातम्यांची पट्टी पाहा.