किल्ल्यावर उतरलेली तोफ

दिवाळीच्या सुटीत पनवेलची मुले माती गोळा करू लागली, की थोरांनी घरातले गोणपाट, फुटक्या विटा आणि जमल्यास स्वतःची अब्रू सांभाळावी. आमच्या अंगणात दरसाल कर्नाळा होतो. तो अंगठ्यासारखा सुळका एकदा साधला, की बाकीचा किल्ला कसाही चालतो.

यंदा चिरंजीव म्हणाले, "बाबा, पायथ्याशी छत्रीवाले सैनिक उतरवायचे. तोफेसकट!"

"कर्नाळ्याला?"

"नाही, टांगाईलला."

मी पडलो मराठीचा मास्तर. पुस्तके उघडावी लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी, दुपार उलटल्यावर, पूर्व बंगालातल्या टांगाईलजवळ आपले सुमारे ७०० जवान विमानांतून उतरले. पुंगलीचा पूल धरायचा आणि मैमनसिंगकडून ढाक्याला माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, हे काम. पलटण होती दोन पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी! सोबत १७ पॅराशूट फील्ड रेजिमेंटची एक बॅटरी. माझी हरकत तिथेच विरघळली. मावळ्यांनी छत्रीने उतरू नये, असे कुठल्या बखरीत लिहिले आहे?

मग सुरू झाले गणित. बाजारातला मातीचा मावळा दोन इंच उंच. साडेपाच फुटी माणूस धरला, तर सगळे जग तेहतीस पटींनी लहान व्हायला हवे. महायुद्धातल्या ब्रिटिश छत्रीचा व्यास २८ फूट. म्हणजे आमची छत्री दहा इंचांची. माझे सहा हातरुमाल धारातीर्थी पडले. पगड्या कानशीने घासून त्या जागी वाटाण्याच्या सालीची शिरस्त्राणे चिकटवली. तोफेची नळी बॉलपेनच्या टोपणाची, चाके जुन्या कोटाच्या बटणांची. कोट लग्नातला होता, पण गृहखात्याला अजून पत्ता नाही.

धनत्रयोदशीला संध्याकाळी मागच्या आळीतले हवालदारकाका आले. निवृत्त गोलंदाज, छत्रीवाल्या तोफखान्यातले. आमची तोफ टेकाडावर, भोवती चार गोलंदाज, आणि वर दोरीला छत्र्या लोंबत होत्या. काका उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"सर, माणसं अजून आभाळात आहेत. मग खाली ही तोफ कुणी मांडली?"

आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहू लागलो.

"तोफ वेगळी येते. मंचाला बांधून, मोठाल्या छत्र्यांवर. माणसं वेगळी. पाय जमिनीला लागले, की आधी तोफ हुडकायची. शेतात, तळ्याकाठी, कुठंही पडलेली असते. आणि अंधार होत आलेला."

महायुद्धात तर ७५ मिलिमीटरची पॅक हॉवित्झर तुकडे करूनही टाकत. मुळात ती खेचरांच्या पाठीवरून न्यायची, म्हणून सुटी होणारी. चाक एका शेतात, नळी दुसऱ्या, अशीही गत व्हायची. हे मी पुस्तकात वाचले होते. पण आमच्या किल्ल्यावर त्याचा मागमूस नव्हता.

काकांनी तोफ उचलून ताटलीच्या तळ्याशी चिखलात ठेवली, आडवी. वर एक रुमाल पसरला. तिघे गोलंदाज हळिवाच्या हिरवळीत पांगवले. एकाला वाकवता येईना, म्हणून गुडघ्यापर्यंत मातीत रोवला. चौथ्याला हातात धरून ते थोडे थांबले आणि त्याला थेट तुळशीवृंदावनापाशी नेऊन उभे केले.

"हा एवढ्या लांब का?" चिरंजीवांनी विचारले.

"त्याला अजून सापडायचंय."

"काय? तोफ?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "सर, चहा झाला असला तर घोटभर घेईन."

चहाबरोबर त्यांनी चकली मागून घेतली. टांगाईलविषयी मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते पेन्शनच्या कचेरीतल्या रांगेवर बोलले.

भाऊबीजेनंतर आम्ही किल्ला आवरला. मावळे कागदात गुंडाळून खोक्यात गेले, रुमाल धुवायला पडले. तुळशीपाशी गेलो, तर चिरंजीवांनी हात धरला. "त्याला राहू द्या, बाबा." रात्री पाहतो तो त्याच्या पायाशी एक पणती लावलेली.