अष्ठीला ग्रंथीची वाढ आणि वनभागातील रुग्ण

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागड हा डोंगराळ व दाट अरण्याचा प्रदेश. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हा भाग नव्या जिल्ह्यात आला. येथील लोहखनिजाची चर्चा राज्यभर होते. येथील वृद्ध पुरुषांच्या एका दुखण्याची चर्चा मात्र घरातही होत नाही. ते दुखणे म्हणजे अष्ठीला ग्रंथीची, अर्थात ज्याला सर्वत्र प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीची वाढ होय.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. ऐन तारुण्यात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती वाढू लागते व साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ती कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी आवश्यक ठरते. लघवीची धार बारीक होणे, सुरू होण्यास वेळ लागणे, थेंब थेंब गळत राहणे आणि रात्री वारंवार उठावे लागणे ही तिची लक्षणे. ज्या गावात रात्री उठणे म्हणजे अंधारात घराबाहेर जाणे, तेथे हे शेवटचे लक्षण साप, डास आणि घसरून पडणे यांच्याशी जोडले जाते. अर्थात रात्रीची प्रत्येक लघवी या ग्रंथीमुळेच होते असे नाही. मधुमेहात ती वाढते. तसेच या भागात आढळणाऱ्या सिकलसेल विकारात मूत्रपिंडाची मूत्र घट्ट करण्याची शक्ती कमी होत असल्यामुळेही ती वाढते.

लघवी पूर्णपणे अडली आणि ओटीपोट फुगून वेदना सुरू झाल्या की तातडीची अवस्था समजावी. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात कॅथेटरची नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हाच उपाय; घरगुती औषधांत घालविलेली रात्र मूत्रपिंडावर बेतू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि अतिमद्यपानानेही लघवी अशी अडू शकते. याहून फसवी अवस्था म्हणजे मूत्राशय कधीच पूर्ण रिकामे न होता हळूहळू, वेदनेवाचून ताणले जाणे. रुग्ण 'लघवी होते आहे' म्हणतो, आणि मूत्रपिंडे निकामी होत असतात. रक्तातील क्रिएटिनिनच्या साध्या तपासणीने हे उघडकीस येते.

आरंभी औषधे पुरतात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल होतात व काही दिवसांतच आराम पडतो. मात्र उठून उभे राहताना घेरी येण्याचा संभव असतो. फिनास्टेराईडने ग्रंथी लहान होते, पण त्यास सहा महिने लागतात.

औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रिया. भारतीय वैद्यकीय सेवेत उत्तर भारतात दोन दशके काढलेले पीटर फ्रेयर यांनी १९०० साली लंडन येथे पोट उघडून संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेच्या तारेने ग्रंथीचे काप काढण्याची पद्धत आली व तीच दीर्घकाळ प्रमाण ठरली. पूर्वी या शस्त्रक्रियेत वापरावयाचे ग्लायसीनचे द्रावण रक्तात शोषले जाऊन धोका उद्भवे. नव्या द्विध्रुवी उपकरणांत साधे सलाइन चालते, त्यामुळे तो धोका टळला. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या होल्मियम लेसर पद्धतीने तर फार मोठी ग्रंथीही छेद न घेता सोलून काढता येते.

याहूनही सौम्य असे उपचार आता उपलब्ध आहेत. एकात बारीक टाके बसवून ग्रंथीचे भाग बाजूला ओढून धरतात. दुसऱ्यात पाण्याची वाफ सोडून पेशी नष्ट करतात. तिसऱ्यात मांडीच्या अथवा मनगटाच्या रोहिणीतून सूक्ष्म कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा रोखतात. दुर्बिणीच्या व लेसरच्या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बहुधा मूत्राशयात उलटे जाते. टाक्यांच्या उपचारात तसे सहसा होत नाही. तरुण रुग्णास हा फरक मोलाचा आहे. परंतु टाके घातलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा उपचार घ्यावा लागल्याचे दिसून आले आहे. वाफेच्या उपचारानंतर काही दिवस नळी ठेवावी लागते आणि पूर्ण गुण येण्यास तीन महिनेही लागतात.

सूरजागडचा रुग्ण एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असे टप्पे करीत गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठतो, आणि तेथून पुढे नागपूर. पावसाळ्यात ओढे-नाले वाटेत आडवे येतात. अशा रुग्णासाठी उपचार किती सौम्य हे छेदाच्या लांबीवरून नव्हे, तर खेपांच्या संख्येवरून आणि घरी नळीसह काढावयाच्या दिवसांवरून मोजावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मापाने, एकदाच रुग्णालयात राहून पुरी होणारी दुर्बिणीची किंवा लेसरची शस्त्रक्रिया त्याला बहुधा अधिक सोयीची. हृदयविकारामुळे भूल देणे धोक्याचे असेल, तर गोष्ट वेगळी.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रविकार विभाग आहे. २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, आणि मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. आशा कार्यकर्ती स्त्री असल्याने वृद्ध पुरुष तिच्यापाशी हा विषय काढत नाहीत. गोंडी अथवा माडिया जाणणारा शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य रुग्णासोबत गेल्यास डॉक्टरांना नेमकी हकीकत कळते. कुटुंबात सिकलसेल असल्यास ते भूल देण्यापूर्वी अवश्य सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे ओझे उचलता येत नाही व मधूनमधून लघवीत थोडे रक्त दिसते. म्हणून शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर धानाची कापणी आटोपल्यावर आणि मोह-तेंदूच्या हंगामापूर्वीचे दिवस तिच्यासाठी ठरवावेत.