विमान का थांबत नाही?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी मावशी, वय वर्षे अडुसष्ट, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून पुण्यास आली आणि पुण्याहून विमानाने मुलाकडे बंगळूरला निघाली. सोबतीला मी होतो. विमानात बसण्याची तिची ही पहिलीच खेप. एका पेटीत कपडे, दुसऱ्या पिशवीत भाजणी, मेतकूट आणि मुलाला आवडतो म्हणून कोरेगावचा घेवडा. काट्यावर सामान ठेवले तेव्हा तो पंधरा किलोवर थांबायचा, तो एकवीसवर गेला. माझ्या पेटीत पुस्तके होती, तीही काठोकाठ पंधरा. तेव्हा तिचे ओझे माझ्याकडे घेण्याचीही सोय नव्हती. काउंटरवरची मुलगी मोठी हसतमुख होती. मावशीला ‘आजी, आजी’ म्हणत होती. पण सहा किलोचे पैसे काही तिने सोडले नाहीत. ते पैसे तिकिटाच्या निम्म्याजवळ गेले.

पुढे आत दाराशी बसलो असता एक गृहस्थ धापा टाकीत आले. दार पाच मिनिटांपूर्वी बंद झाले होते. विमान काचेतून समोर उभे दिसत होते. गृहस्थांनी हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. उपयोग झाला नाही. मावशी मला म्हणाली, “अरे, आपल्या एसटीचा कंडक्टर धावत येणारा माणूस दिसला की दोरी ओढून घंटी देतो. ह्यांचं विमान तर उभंच आहे. थांबायला काय होतं ह्यांना?”

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण प्रश्न खरा होता. आज आपल्याकडे शिर्डी, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणांहून विमाने उडतात, आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी विमानात पाऊल ठेवले नाही अशी मंडळी त्यांत बसू लागली आहेत. ती परत येतात तेव्हा दोनच गोष्टी सांगतात: एक, तिकीट एसी गाडीइतक्याच पैशांत मिळाले, दुसरी, तिथली माणसे भारी कडक. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते आज पाहू.

ह्या कडकपणाचे मूळ आपल्या देशात नाही, ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आहे. १९७१ साली साउथवेस्ट नावाची एक लहानशी कंपनी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो ह्या तीन शहरांमध्ये विमाने उडवू लागली. पैशांची ओढाताण होती. १९७२ मध्ये चार विमानांपैकी एक विकावे लागले. आता चार बैलजोड्यांतली एक विकली तर शेतकरी काय करील? एक तर कमी रान नांगरील. साउथवेस्टच्या माणसांनी तसे केले नाही. वेळापत्रक चार विमानांचेच ठेवले आणि ते तीन विमानांवर निभावले. कसे? तर विमान जमिनीला टेकल्यावर माणसे उतरवायची, सामान काढायचे, नवी माणसे चढवायची आणि दहा मिनिटांत ते पुन्हा निघाले पाहिजे, असा दंडक घातला.

सगळी मेख इथे आहे. गोठ्यात उभा असलेला बैल कामाला नसला तरी वैरण खातोच. विमानाचे तसेच. त्याचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता ते उडो वा न उडो, चालूच असतो. आणि ते कमावते फक्त हवेत असताना. दिवसात सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाने दर फेरीमागे जमिनीवरची अर्धी घटका वाचवली, तरी एखादी जादा फेरी पदरात पडते. त्या जादा फेरीच्या जिवावर तिकीट स्वस्त होते. म्हणून जेवण नको, कारण ताटे चढवायला-उतरवायला वेळ जातो. म्हणून सगळी विमाने एकाच जातीची, बोइंग ७३७. म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो आणि सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात. आणि म्हणूनच दार वेळेवर बंद. सकाळच्या पहिल्या फेरीला पाच मिनिटे उशीर झाला, तर संध्याकाळच्या सहाव्या फेरीपर्यंत तो साठत जातो. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. उशीर फार झाला तर शेवटची फेरी रद्द करण्याची पाळी येते. एसटीच्या कंडक्टरने दोन मिनिटे थांबले तर पुढच्या थांब्यावर चार माणसे कुरकुरतात, एवढेच. इथे मावशीसारख्या दीडशे-पावणेदोनशे माणसांचा खोळंबा, आणि मागाहून येणाऱ्या पाच फेऱ्यांतल्या तितक्याच माणसांचा.

तेव्हा दार बंद करणारा माणूस उर्मट नसतो, बरं का. तो घड्याळाचा नोकर असतो. ह्या बाबतीत मी कंपन्यांच्या बाजूचा आहे.

सामानाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. वजन वाढले की इंधन वाढते, हे खरे. पण साउथवेस्टनेच हे दाखवून दिले की वेळेचा कडकपणा निराळा आणि पैशाचा निराळा. ह्या कंपनीने वर्षानुवर्षे प्रत्येक उतारूच्या दोन बॅगा फुकट नेल्या, तो तिचा लौकिकच होता, आणि तरीही ती नफ्यात चालली. २०२५ च्या मे महिन्यात तिनेही बॅगांचे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या जुन्या गिऱ्हाइकांना घरचे माणूस उलटल्यासारखे वाटले.

दुसऱ्या टोकाला आहे आयर्लंडची रायनएअर. तिचे मुख्य अधिकारी मायकेल ओ’लिअरी टेक्सासला जाऊन साउथवेस्टची रीत पाहून आले. १९९४ साली कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि त्यांनी ही रीत इतकी ताणली की मूळ गुरूने चकित व्हावे. तिकीट अगदी स्वस्त. पण बाकी प्रत्येक गोष्टीला दाम. हवी ती जागा? पैसे. वरच्या फळीवर ठेवायची बॅग? पैसे. दाराशी धातूचा एक सांगाडा असतो. पिशवी त्यात बसली नाही की दंड. अशी मोठी बॅग पकडून देणाऱ्या नोकराला बॅगेमागे बक्षीस मिळते. २०२५ च्या नोव्हेंबरात ते दीड युरोवरून अडीच युरो झाले. कंपनीच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरच्या अशा गोष्टींतून येतो. म्हणजे सामानाचा दर हा केवळ इंधनाचा हिशेब राहिला नाही. तो धंद्यातला एक पायच झाला.

लोकांना काय वाटते? २०१३ साली इंग्लंडमधल्या ‘विच?’ ह्या ग्राहकसंस्थेने शंभर मोठ्या कंपन्यांच्या वागणुकीविषयी लोकांना विचारले, त्यात रायनएअर अगदी तळाला आली. त्याआधी २००९ मध्ये ओ’लिअरींनी विमानातल्या शौचालयाला नाणे टाकायची खाच बसवण्याची भाषा केली होती. तसे कधी झाले नाही. पण लोकांना ते खरे वाटले, यातच सारे आले. आणि गंमत पाहा, हीच कंपनी मार्च २०२५ अखेरच्या वर्षात वीस कोटी उतारूंना घेऊन उडाली. युरोपात तिच्याइतके उतारू दुसरी कोणतीही विमान कंपनी नेत नाही. लोक तिला शिव्या देतात आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तिचेच तिकीट काढतात. आपण नाही का, वाण्याच्या तराजूला नावे ठेवून उधारी त्याच्याकडेच करीत!

२०१३ मध्ये नफा घसरण्याची चिन्हे दिसताच कंपनीने आपला पवित्रा बदलला. विमानतळावर बोर्डिंग पास पुन्हा छापून देण्याचा दंड ७० वरून १५ वर आणला, हातात आणखी एक छोटी पिशवी नेऊ दिली, २०१४ पासून जागांना नंबर दिले. त्या एका वर्षात नफा सुमारे ५२ कोटी युरोंवरून ८६ कोटींवर गेला. त्यात इंधनाच्या भावाचाही वाटा होता. पण माणसांशी बरे वागून तोटा होत नाही, हे ओ’लिअरींनी स्वतःच कबूल केले. आणि तरीही २०१८ साली बॅगांचे नियम पुन्हा आवळले गेले. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा सोडणे कोणाला जमते?

नियम कडक असणे आणि नियम अन्यायाचा असणे, ह्यांतला फरक कुठे येतो त्याची एक गोष्ट सांगतो. २००२ साली लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर एका अपंग गृहस्थांना विमानापर्यंत जाण्यासाठी चाकांच्या खुर्चीची गरज पडली. रायनएअरने खुर्चीचे १८ पौंड मागितले. गृहस्थ कोर्टात गेले. जानेवारी २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनीने त्यावर काय करावे? सगळ्या उतारूंच्या तिकिटावर अर्धा पौंड चढवला आणि त्याचे कारणही जाहीर सांगितले, जणू दोष अपंगांचाच! पुढे युरोपने कायदाच केला, आणि २००८ पासून विमानतळावर अपंगांना मदतीबद्दल एक पैसाही मागता येत नाही. जादा घेवडा नेणे ही माझ्या मावशीची निवड होती. चालता न येणे ही कोणाची निवड नसते.

ह्या दोहोंच्या मधली जागा अडचणीची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका वृद्ध इंग्रज जोडप्याने घरच्या संगणकावर चेक-इन केले, पण चुकून जाण्याऐवजी येण्याच्या प्रवासाचे केले. विमानतळावर माणशी ५५ पौंड, म्हणजे आपले जवळजवळ सहा हजार रुपये, भरावे लागले. कंपनी म्हणाली, नियम आधी कळवला होता. कळवला होता, खरेच. तरी ऐकणाऱ्याचे मन ते मान्य करीत नाही. कारण अशा नियमांचा फटका कोणाला बसतो? महिन्यातून चारदा उडणाऱ्याला बसत नाही. म्हाताऱ्याला बसतो, पहिल्यांदा निघालेल्याला बसतो, इंग्रजी न वाचता येणाऱ्याला बसतो. ज्याला नियम ठाऊक त्याचे तिकीट स्वस्त, आणि त्या स्वस्ताईचा थोडा भार ज्याला ठाऊक नाही त्याच्या डोक्यावर. असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे स्वस्त विमानाची सुरुवात ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ ह्यांच्या एअर डेक्कनने केली. लष्करातून बाहेर पडून शेती केलेला हा माणूस. त्यांनी काही जागा एक रुपयाला विकल्या, आणि आर. के. लक्ष्मण ह्यांचा चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ कंपनीचे बोधचिन्ह म्हणून घेतला. कंपनी टिकली नाही, पण वाट पडली. नियमही त्याच वाटेने आले. काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे दोनशे रुपये घेऊ लागल्या. जुलै २०२२ मध्ये सरकारने ते बंद करवले. म्हणजे रायनएअरला जे चालते, ते आपल्या कायद्याने इथे चालू दिले नाही. मला वाटते, ठीकच केले. त्याच वर्षी मे महिन्यात रांची येथे इंडिगोच्या माणसांनी एका अपंग मुलाला विमानात चढू दिले नाही, त्याबद्दल कंपनीला पाच लाखांचा दंड झाला.

काटकसरीची दुसरी बाजू आपण डिसेंबर २०२५ मध्ये पाहिली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे त्या हिशेबाने वैमानिक पुरेसे नव्हते, आणि एका आठवड्यात हजारो फेऱ्या रद्द झाल्या. माणसे विमानतळावर जमिनीवर झोपली. पाच मिनिटे उशीर झालेल्या उतारूला जे दार उघडत नाही, त्याच दाराशी उतारूंनी दिवसदिवस वाट पाहिली. सगळे ताणून बांधले की एक गाठ सुटताच सारेच सुटते.

आता, शिक्षक मंडळींसाठी दोन शब्द. गावात कोणाचे विमानाचे तिकीट आले की ते वाचायला तुमच्याकडे आणतील. त्यात भाड्याखाली बारीक अक्षरांत जे असते ते आधी वाचा. सामान किती फुकट ते बहुधा पंधरा किलो असते, पण काही स्वस्त तिकिटांत तेवढेही नसते. हातातले सात किलो. नाव आधारकार्डावर आहे तसेच हवे. चेक-इन घरीच मोबाइलवर करून ठेवावे. काउंटर साधारणतः तासभर आधी बंद होतो आणि विमानाचे दार सुटण्याच्या वेळेआधी पंचवीस मिनिटे. तेव्हा तिकिटावर लिहिलेली वेळ ही पोहोचण्याची वेळ नव्हे, हे दोनदा सांगा. जादा सामान असेल तर आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरावेत, विमानतळावरच्यापेक्षा ते कमी पडतात. चालता येत नसेल तर खुर्ची हवी असे तिकीट काढतानाच नोंदवावे. आणि आपण वेळेवर हजर असूनही जागा जादा विकल्यामुळे चढू दिले नाही, तर वीस हजारांपर्यंत भरपाईचा नियम आहे. तक्रार करायची तर केंद्र सरकारची ‘एअरसेवा’ आहे, तिथे मोबाइलवरून करता येते. तक्रारीत विमानाचा क्रमांक, तारीख आणि काउंटरवर काय सांगितले ते तेवढे लिहावे. राग लिहू नये.

मावशी मार्चमध्ये परत आली. बंगळूरहून निघण्यापूर्वी तिने भाचेसुनेकडून ताणकाटा मागवून घेतला होता. पेटी भरली चौदा किलो, आणि वरचा एक किलो तिने मोकळा ठेवला. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “त्यांचा काटा आणि आपला काटा सारखाच असेल कशावरून?”