एका दाताची शर्यत

चेन्नईहून गुम्मिडिपूंडीकडे जाताना वाटेत शोलावरम लागतं. दुसऱ्या महायुद्धातली तिथली विमानांची धावपट्टी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबमुळे शर्यतींसाठी गाजली. 1990मध्ये इरुंगाट्टुकोट्टैचा नवा ट्रॅक सुरू झाला: 3.7 किलोमीटर, 12 वळणं. धावपट्टीवर सरळ पल्ले लांब, इथे वळणामागून वळण. मोटरसायकल तीच ठेवली, तरी तिचं गिअरिंग दोन्हीकडे सारखं चालणार नाही.

गिअरबॉक्स उघडून आतले गिअर बदलणं वेळखाऊ, अनेक शर्यतींत तर नियमाने बंदच. म्हणून मेकॅनिकचा हात आधी गॅरेजच्या बोलीतल्या 'चेनपॉकेट'कडे, म्हणजे चेन आणि तिच्या दोन दातेरी चकत्यांकडे (स्प्रॉकेट) जातो: पुढची इंजिनाकडून फिरते, मागची चाकाला जोडलेली असते.

समजा, पुढच्या स्प्रॉकेटला 14 दात आहेत आणि मागच्याला 42. पुढचं तीनदा फिरलं की चाक एकदा फिरतं. पुढे 15 दातांचं बसवलं, की हे प्रमाण 2.8वर येतं आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत ताशी 150 किलोमीटरचा वेग 160च्या पुढे जातो. पण हा झाला कागदावरचा हिशेब. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सात टक्क्यांनी वाढवायचा तर साधारण 23 टक्के जास्त ताकद हवी. ती नसेल तर शेवटच्या गिअरमध्ये इंजिन दमतं, वळणातून बाहेर पडताना पिकअपही जातो. टॉप स्पीडच्या मोहात असे कितीतरी लॅप वाया जातात.

पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन. त्यामुळे मोठा बदल पुढे आणि बारीक बदल मागे करायचा, हीच शहाणी रीत. मात्र चेनची लांबी तीच राहिली तर मागचं चाक खाचेत पुढे-मागे सरकवावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर बदलतं आणि वळणात गाडीचा स्वभावही. पुढचं स्प्रॉकेट फार लहान घेतलं, तर कड्या जास्त वाकतात, चेन लवकर झिजते.

मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल शर्यतींत आतले गिअरही ट्रॅकप्रमाणे बदलता येतात. आपल्याकडच्या होतकरू रायडरच्या हाती बहुधा दोन स्प्रॉकेटच असतात, आणि खरं गिअरिंग शिकायला ती पुरेशी आहेत.

शर्यत सोडा, तुमच्या रोजच्या गाडीची चेन बदलायची वेळ आली, तर दोन्ही स्प्रॉकेटही सोबतच बदला. जुन्या, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.