मोडाची उसळ कुणाच्या ताटात?

श्रावण जवळ आला की मुलुंड स्टेशनजवळच्या बाजारात वालाचे वाटे मांडून बसलेल्या मावश्या दिसायला लागतात. भिजवलेले, मोड आलेले, साल काढून गुळगुळीत केलेले वाल. भाव ऐकून आपण ‘एवढे?’ म्हणतो खरं, पण पाव किलो वाल एकदा घरी सोलून बघावेत. नखं दुखायला लागली की मावशीचा भाव बरोबर वाटतो! सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात वालाचं बिरडं, देशावर मटकी, कोकणात कुळीथ, आणि मूग तर सगळ्यांचाच. मोड कसे आणायचे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण अलीकडे त्याचं ‘स्प्राउट्स’ झालं, आणि स्प्राउट्स म्हटलं की ते कच्चेच खायचे, वजन उतरतं, चेहरा उजळतो, केस दाट होतात, असं सगळं त्याला चिकटलं.

मागच्या पावसाळ्यात भांडुपला डोंगराच्या बाजूच्या वस्तीत आमच्या महिला मंडळाची बैठक होती. बैठक संपल्यावर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, ‘काकू, केस मूठमूठ गळतात. मैत्रीण म्हणते, रोज सकाळी कच्चे मोड खा, थांबतील. खरंय का?’ मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ पांढुरके, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतून फिक्कट. जिना चढून आली होती तर अजून धाप लागलेली. म्हटलं, मोडाचं नंतर बघू, आधी रक्त तपासून ये. हिमोग्लोबिन निघालं ८.६. तिच्या वयाच्या मुलीचं ते निदान १२ तरी हवं.

ही एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपण दोघी समोरासमोर बसलो, तर दोघींपैकी एकीला तरी हे असणार.

मी तिच्या आईला विचारलं, ‘घरात उसळ होत नाही का?’ तर ती म्हणाली, ‘होते की ताई, आठवड्यातून दोनदा मटकी करते.’ मग खातं कोण? नवऱ्याचा डबा भरतो, मुलगा कॉलेजला नेतो, सासऱ्यांना वाटीभर. ‘आम्हा दोघींना रस्सा पुरतो.’ किती सहज सांगितलं! मोड आणायला दोन दिवस खपायचं हिने, आणि हिच्या ताटात लाल पाणी नि चपाती. वर जेवण झालं की लगेच कपभर चहा. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी वेगळं चित्र आहे, सांगा बरं.

आता या मोडांत असतं तरी काय? कोरडा दाणा म्हणजे झोपलेलं रोप. पाणी मिळालं की तो जागा होतो आणि साठवलेलं अन्न रोपासाठी मोकळं करायला लागतो. कडधान्यात फायटेट नावाचा एक पदार्थ असतो. लोह आणि जस्त तो धरून ठेवतो, आपल्या अंगी लागू देत नाही. मोड येताना त्याची पकड ढिली पडते. पोटात वारा धरायला लावणाऱ्या साखरा कमी होतात, म्हणून साध्या उसळीपेक्षा मोडाची उसळ पोटाला हलकी. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं ‘क’ जीवनसत्त्व मोड येताना नव्याने तयार होतं. हेच ‘क’ जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह रक्तात शोषायला मदत करतं. मात्र ‘मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात’ असं जे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. वाटीभर मुगाचे दोन-तीन वाट्या मोड होतात, ती वाढ पाण्याची. लोहही वाढत नाही. जे आहे ते नीट अंगी लागतं, एवढंच. पण तेही काही कमी नाही.

या ‘क’ जीवनसत्त्वाची एक जुनी गोष्ट आपल्या मराठी माणसांशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा या गावात ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ताजा भाजीपाला मिळेना, आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त यायचं, पायात त्राण राहायचं नाही. पुढे १९१७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक बायकांनी सैन्याच्या शिध्यावर अभ्यास केला. कोरडी कडधान्यं स्कर्व्हीवर कामाची नाहीत, पण तीच भिजवून मोड आणले तर ती स्कर्व्ही टाळतात, हे त्यातून पुढे आलं. त्या शिपायांच्या आया-बायका घरी फडक्यात काय बांधत होत्या, ते आठवलं की मला फार वाईट वाटतं.

मग कच्चेच खावेत का? माझं मत, नको. हे मी पुस्तक वाचून नाही, ठेच खाऊन सांगते. एका जुलैमध्ये शनिवारी मूग बांधले. रविवारी उघडले तर किंचित आंबूस वास. एवढं काय होतंय म्हणून धुतले, कांदा-टोमॅटो घालून कच्चीच भेळ केली. रात्री मुलाला जुलाब, सासूबाईंना उलट्या, त्यांना तर सलाइन लावावं लागलं. मोडाला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात तर दोन्हींची रेलचेल. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय जंतूची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासच्या वर माणसं गेली. आजार बळावलेल्यांत धडधाकट बायकांची संख्या मोठी होती, कारण सॅलड खाणाऱ्या त्याच.

म्हणून गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं यांना कच्चे मोड देऊच नयेत. बाकीच्यांनीही वाफवूनच खावेत. मूग-मटकीला पाच-सात मिनिटं दणकून वाफ आली की पुरे, वाल-हरभऱ्याला जास्त वेळ लागतो. राजमा मात्र मोड आलेला असला तरी पूर्ण मऊ शिजवल्याशिवाय तोंडात घालू नका, कच्चा राजमा विषारी असतो. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व थोडं जातं हे खरं. त्याला सोपा उपाय आहे. गॅस बंद केला की वरून लिंबू पिळायचं आणि कोथिंबीर पेरायची. गेलेलं भरून निघतं.

मोड आणताना मी आता एवढं पाळते. दाणे निवडून तीन-चार पाण्यांनी धुवायचे, पिण्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकून पुन्हा धुवायचे आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या फडक्यात बांधायचे. पावसाळ्यात फडकं घट्ट बांधून डब्यात कोंबू नये, चाळणीत ठेवावं आणि दिवसातून दोनदा दाणे खळबळून घ्यावेत. मूग-मटकीला आपल्या हवेत एक दिवस पुरतो, वालाला जास्त. थंडीच्या गावात पुरचुंडी बंद कुकरमध्ये उबेला ठेवतात, तेही छान. चिकट झाले, वास आला, की टाकून द्यायचे. जीव हळहळतो, पण दवाखान्याच्या बिलापेक्षा स्वस्त पडतं. बाजारातून तयार आणलेत तर त्याच दिवशी शिजवा.

आणि सौंदर्य? मोड आलेले मूग वाटून चेहऱ्याला लावणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. हौस असेल तर लावा, पण रक्त कमी असलं की आलेला फिकटपणा लेपाने जात नाही. केस लोहाच्या कमतरतेने गळतात तसे थायरॉइडने, मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतरही गळतात. कारण कळल्याशिवाय वाटीभर मोडावर सगळा भार टाकू नये. हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या मुलीला तर उसळ पुरत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

त्या मुलीला महापालिकेच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. शिवाय आम्ही घरात दोन गोष्टी ठरवून दिल्या. उसळ झाली की डबे भरायच्या आधी दोघींच्या दोन वाट्या बाजूला काढायच्या, लिंबू पिळून. आणि चहा जेवणावर नाही, तासाभराने, कारण चहा लोह शोषू देत नाही. पहिल्या आठवड्यात भावाने कुरकुर केली, डब्यात मटकी कमी म्हणून. मग आईने मटकीच मूठभर जास्त भिजवली. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं लागली!

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं. श्रेय मुख्यतः गोळ्यांचं, हे मी तिलाही सांगितलं. केस अजून गळतात, पण पहिल्यासारखे मुठीने नाही. जिना चढून आल्यावर आता ती न थांबता बोलते. तिची आई मात्र जेवणावरचा चहा सोडायला तयार नाही, नि स्वतःचं रक्त तपासायलाही. ‘मला काय झालंय?’ म्हणते. पुढच्या सोमवारी तिला दवाखान्यात घेऊन जायचं मुलीने आणि मी ठरवलंय.