अंग आंबतं, म्हणजे नेमकं काय होतं?

कळसूबाई चढताना छाती भरून येते, पण पायांची खरी परीक्षा उतरताना होते. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट निघते, लोखंडी शिड्या ओलांडत १६४६ मीटरवर देवीच्या देवळापाशी पोचते. महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा ती हीच. नवरात्रात दर्शनाला निघालेली माणसं चढताना दर वळणावर थांबतात, लिंबूपाणी पितात, पुन्हा चालू लागतात. उतरताना मात्र कुणी थांबत नाही, कारण दम लागलेला नसतो. शेवटच्या टप्प्यात गुडघ्याच्या वर मांडी लटलट कापू लागते, तेवढंच काय ते जाणवतं. त्या रात्री झोपही छान लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला जमिनीवर मांडी घालायची वेळ येते, तेव्हा भिंतीला हात टेकावा लागतो. पाय भरून आलेले असतात. तिसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढतं आणि पाचव्या दिवशी आलं तसं निघून जातं.

हे का होतं, असं कुठल्याही जिममध्ये विचारा. उत्तर ठरलेलं आहे : "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय." आपल्या भाषेनं तर हे उत्तर जिम येण्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं आहे. आपण म्हणतो, अंग आंबलं. दही आंबतं, पीठ आंबतं, तसं कष्टानं अंग आंबतं. योगायोग असा की, लॅक्टिक आम्ल हे दह्यातलंच आम्ल. स्वीडनमधल्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं १७८० मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही आंबलेल्या दुधातून.

व्यायामाच्या जगात अशा समजुती पुष्कळ आहेत. पोटाचे व्यायाम केले की पोट उतरतं. घाम निघाला की चरबी वितळते. डब्यातली पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही. विज्ञानाचा अभिमान बाळगणारी माणसं या समजुतींना हसतात, आणि ज्याला हसलं जातं तो मुलगा पुढच्या वेळी काही विचारतच नाही. मला वाटतं, आपण उलटं वागायला हवं. प्रत्येक समजुतीच्या मुळाशी कुणाचा तरी खरा अनुभव असतो. पाय खरंच दुखतात, घाम आल्यावर वजनाच्या काट्यावर आकडा खरंच उतरतो. चुकतं ते फक्त कारण. तो अनुभव मान्य करून तिथूनच कारणाचा शोध सुरू केला, तर व्यायाम करणाऱ्या मुलाला शरीरविज्ञानाचं दार आपोआप उघडतं.

चढणीचं आम्ल, उतरणीचं दुखणं

आम्लाची समजूत हवेतून आलेली नाही. केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं आणि प्राणवायू मिळाला की ते कमी होतं, असं त्यांना आढळलं. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. एवढ्या मोठ्या माणसांच्या कामातून थकवा आणि आम्ल यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. मग दुसऱ्या दिवशीचं दुखणंही त्याच खात्यावर मांडलं गेलं.

पण वेळेचा हिशेब जुळत नाही. जोराच्या कामात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रूप, वाढतं हे खरं. मात्र ते तिथे पडून राहत नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवतं. काम थांबल्यावर तासाभरात पातळी जवळजवळ पूर्ववत होते. दुखणं मात्र एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. जो पाहुणा काल दुपारीच गेला, त्यानं आज सकाळी भांडी कशी वाजवली असतील?

अमेरिकेत १९८३ मध्ये श्वान या संशोधकांनी सहकाऱ्यांसह हाच प्रश्न धरून धावपटूंना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर पळताना रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर पळताना लॅक्टेट वाढलं नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले. कळसूबाईची वाटही हेच सांगते. दम चढणीवर लागतो, पाय उतरणीनं भरून येतात.

उतरणीत असं काय असतं? विहिरीवर दोर ओढून पाणी काढणाऱ्या माणसाच्या हाताकडे पाहा. भरलेली घागर वर ओढताना मूठ दोराला घट्ट धरते. तीच भरलेली घागर सावकाश खाली सोडायची असेल, तर दोर मुठीतून सरकत जातो आणि तळहात सोलवटतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना त्याला वजन तोलून धरत धरत लांब व्हावं लागतं. स्नायू ओढ लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. स्नायूच्या प्रत्येक तंतूत आखडणारे सूक्ष्म खण एकापुढे एक साखळीसारखे रचलेले असतात. त्यांतले काही खण या ओढाताणीत प्रमाणाबाहेर ताणले जातात.

थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच तर्क मांडला होता की, उशिरा येणारं हे दुखणं स्नायूंतल्या बारीक इजेचं असावं. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या फ्रिडेन यांच्या गटानं जिने उतरून पाय दुखलेल्या माणसांच्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खणांना जोडणाऱ्या, एरवी सरळ दिसणाऱ्या रेषा जागोजागी वेड्यावाकड्या झाल्या होत्या. या इजेनंतर शरीर डागडुजीला लागतं आणि त्या भागातल्या संवेदना वाहणाऱ्या नसा हळव्या होतात. म्हणून नुसतं बसून दुखत नाही. बोटानं दाबलं किंवा पाय वाकवला की दुखतं.

यातली सुंदर गोष्ट पुढे आहे. एकदा डागडुजी झाली की तोच स्नायू तेवढ्याच कामानं पुन्हा तितका दुखत नाही. रोज चढ-उतार करणाऱ्या डोंगरातल्या माणसांचे पाय भरून येत नाहीत, तरी त्यांच्या पायांची ताकद आपल्याहून कितीतरी जास्त असते. तालमीतले वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका मारायला लावतात आणि रोज थोड्या वाढवतात, त्यामागेही हीच जाण आहे. तेव्हा "दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागला नाही" ही समजूत सोडून द्यावी. एक खूण मात्र विसरू नये. अतिव्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात मोडल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यानं मूत्रपिंडाला धोका होतो. अशा वेळी घरी थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

५००४ वेळा उठून बसल्यावर

पोटाच्या व्यायामानं पोटाचे स्नायू जळजळतात, तेव्हा तिथलीच चरबी जळते आहे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. १९८४ मध्ये फ्रँक कॅच आणि सहकाऱ्यांनी १३ पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप्स करवून घेतले. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही ठिकाणच्या चरबीचे नमुने सुईनं काढून तपासले. चरबीच्या पेशी किंचित आकसल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. पोटाला वेगळा न्याय मिळाला नव्हता. त्याआधी १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे हात मोजले गेले होते. खेळणारा हात स्नायूंनी जाड झाला होता, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती.

कारण सोपं आहे. चरबी आधी विरघळून रक्तात उतरते आणि रक्तामार्फत जिथे गरज असेल तिथे जाते. स्नायू शेजारच्या चरबीतून थेट उचल करत नाही. घरातल्या कणगीतलं धान्य कुठल्या बाजूनं कमी होतं हे जेवणारा ठरवत नाही, तसंच हे. कुठली चरबी आधी उतरायची, ते आनुवंशिकता, संप्रेरकं आणि वय ठरवतात. पोटाचे व्यायाम तरीही करावेत, कारण त्यांनी पाठ-पोटाला बळ येतं. पोट उतरवायचं असेल, तर दिवसभराचं खाणं आणि दिवसभराची हालचाल यांचाच हिशेब मांडावा लागतो.

आणि उतरलेली चरबी जाते कुठे? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राऊन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना विचारला. बहुतेकांनी सांगितलं की तिची ऊर्जा किंवा उष्णता होते. पण वस्तुमान असं नाहीसं होत नाही. त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. मात्र नुसता जोरात श्वास घेऊन काही साधत नाही. आधी स्नायूंना काम करावं लागतं, मग फुप्फुसं तो कचरा बाहेर टाकतात.

घामाचा काटा

व्यायामानंतर वजन अर्धा किलो उतरलेलं दिसतं, ते पाणी असतं. दोन तांबे पाणी प्यायलं की ते परत येतं. घाम अंग थंड ठेवण्यासाठी येतो. १ लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातला "वाळला" हा शब्द महत्त्वाचा. पावसाळ्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या परिसरात हवा इतकी ओली असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. जमिनीवर पडलेला थेंब अंगाला गारवा देत नाही. म्हणून दमट हवेत घाम जास्त दिसतो, पण अंग तापतच जातं. प्लॅस्टिकचा कोट घालून पळणारी मुलं स्वतःभोवती असाच पावसाळा उभा करतात. चरबी त्यानं जास्त जळत नाही, उष्माघाताची भीती तेवढी वाढते.

डबा आणि गाडगं

खुराकाच्या प्रश्नावर मात्र जिममधली मुलं अर्धी बरोबर आहेत. वजनं उचलणाऱ्याला प्रथिनं जास्त लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. २०१८ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह ४९ अभ्यास एकत्र तपासले. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना सरासरी १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही, असं त्यातून दिसलं. म्हणजे ६० किलोच्या मुलाला दिवसाला ९६ ग्रॅमच्या आसपास.

आता घरात हिशेब करू. २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी : २२ ग्रॅम. १०० ग्रॅम कोरडे हुलगे, मोड आणून : सुमारे २२. अर्धा लिटर दूध : १६. दोन अंडी : १३. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे : १२. १०० ग्रॅम तांदळाचा भात : ८. बेरीज ९३. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते धान्य भरून काढतं आणि धान्यातली लायसिनची उणीव कडधान्य भरतं, म्हणून भाकरी आणि कडधान्याची उसळ ही जोडी शहाणपणाची आहे. नागलीत प्रथिनं बेताची, १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम. पण कॅल्शियम त्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या तिप्पट.

कळसूबाईच्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि इतर कितीतरी पिकांचं गावरान बियाणं राखलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गाडग्या-मडक्यांत जपलेलं ते बी म्हणजे आपला खुराकच आहे.

डब्यातली पावडर विष नाही आणि जादूही नाही. दूध फाडल्यावर खाली उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन वाळवून ती बनते. घरचा हिशेब कमी पडत असेल तर ती चालेल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. धोका खरा आहे तो स्टेरॉइडच्या सुईत. स्नायू वाढवणारी ही औषधं रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडवतात, हृदयावर ताण आणतात, अंडकोष आकसवतात आणि शुक्राणू घटवतात. पावडरला सरसकट विष म्हणणारा माणूस सुईबद्दल खरं सांगायला लागतो, तेव्हा मुलं त्याचं तेही ऐकत नाहीत. खोट्या भीतीची ही किंमत फार मोठी आहे.

पायरीवरचा प्रयोग

शेवटी एक काम तुमच्याकडे. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग गावातल्या कुठल्याही पायरीवर करता येतो. गुडघे निरोगी असतील तर दहा मिनिटं पुरे. गुडघ्यापेक्षा थोडी कमी उंचीची भक्कम पायरी घ्या. चढताना उजवं पाऊल आधी वर ठेवा. उतरतानाही उजवंच पाऊल आधी खाली न्या, सावकाश. शरीर वर उचलण्याचं सगळं काम उजव्या मांडीनं केलं आणि तोलून खाली सोडण्याचं सगळं काम डाव्या मांडीनं. दोघींमधून वाहणारं रक्त एकच, माणूस एकच.

दमणार उजवी मांडी जास्त, कारण वर उचलण्याला ऊर्जा जास्त लागते. परवा सकाळी जमिनीवर बसताना दोन्ही मांड्या अंगठ्यानं दाबून पाहा, आणि तालमीतल्या किंवा जिममधल्या सोबत्यालाही पाहायला सांगा. कोणती आंबली आहे, हे त्याला पुस्तकातून समजून घ्यावं लागणार नाही.